आई व्हिजिटर व्हिसावर आली आहे, जीपी नाव नोंदवून घेत नाही (इंग्लंड)

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. नऊ दिवसांपूर्वी आई सांगलीहून आमच्याकडे आली. वय ६६. सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा आहे आणि पाच महिने राहणार आहे. बाबा गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच मोठा प्रवास. बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गोळ्या चालू आहेत.

येताना तीन महिन्यांच्या गोळ्या आणल्यात, पुढच्या दोन महिन्यांचं काय करायचं म्हणून आज आमच्या जीपीकडे (इथला फॅमिली डॉक्टर) तिचं नाव घालायला गेले. रिसेप्शनवरच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, व्हिसा कुठला विचारलं आणि सरळ सांगितलं की व्हिजिटर व्हिसावाल्यांची नोंदणी होत नाही, प्रायव्हेट डॉक्टर बघा. मी पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, नियमच तसा आहे. मागे रांग होती. आई शेजारी पिशवी घट्ट धरून उभी होती. इंग्रजी तिला कळतं. बाहेर आल्यावर म्हणाली, "राहू दे गं, मी काय आजारी पडायला आलेय का?"

विमा काढलेला आहे, पण पॉलिसीत आधीपासूनचे आजार वगळलेत. खरंच नियम असा आहे का? आणि रात्रीबेरात्री काही झालं तर ए अँड ईमध्ये (हॉस्पिटलचा तातडीचा विभाग) घेतात का, की तिथेही आधी पैसे भरावे लागतात? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. दोन दिवस नीट झोप नाही.

अंजनवेल | मंगळवार, रात्री ११:०५

आम्हालाही गेल्या वर्षी हेच ऐकवलं होतं. मग आम्ही प्रायव्हेट व्हिडिओ कॉलवर डॉक्टर गाठला, पैसे भरले आणि गप्प बसलो. खरा नियम काय आहे ते मलाही हवंय.

स्टेथो | बुधवार, सकाळी ६:५०

मी मिडलँड्समध्ये जीपी आहे. क्लिनिक सुरू व्हायच्या आत लिहितो.

ताई, तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलंय. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव नोंदवायला व्हिसा कुठला हा प्रश्नच येत नाही. पर्यटक असो, विद्यार्थी असो, कागद नसलेला माणूस असो, जीपीची सेवा सगळ्यांना मोफत आहे. ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा नाही एवढ्या कारणावरून नाव नाकारता येत नाही, मग व्हिसाच्या प्रकारावरून तर नाहीच. तीन महिन्यांपेक्षा कमी राहणाऱ्याला तात्पुरती नोंदणी देतात. तुमच्या आई पाच महिने आहेत, म्हणजे नेहमीचीच नोंदणी. नोंदणीचा एक फॉर्म असतो. हल्ली ऑनलाइनही भरता येतो आणि तसाच भरा, म्हणजे काउंटरवर उभं राहून वाद घालावा लागत नाही.

प्रॅक्टिस नाही म्हणू शकते, पण त्याला योग्य कारण लागतं. तुमचं घर त्यांच्या हद्दीत नाही, किंवा त्यांची यादी बंद आहे, अशी. आणि ते कारण १४ दिवसांत लेखी द्यावं लागतं. तेव्हा परत गेलात तर आवाज न चढवता एवढंच म्हणा: "नकार लेखी द्याल का?" बहुतेक वेळा मॅनेजर बाहेर येतात आणि काम होतं. नाहीच झालं तर तुमच्या भागातल्या आयसीबीकडे, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा सांभाळणाऱ्या मंडळाकडे, तक्रार करता येते. रिसेप्शनवरच्या माणसाला मात्र शत्रू मानू नका. दवाखान्यात नोंदणी आणि हॉस्पिटलमधलं बिल, या दोन गोष्टींची गल्लत माझ्या ओळखीतले डॉक्टरसुद्धा करतात.

आता ती गल्लतच सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे. जीपीकडे नाव लागलं म्हणजे सगळी एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) फुकट झाली असं नाही. जीपी मोफत. १११ ला, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याच्या नंबरला, फोन मोफत. ए अँड ईमध्ये तपासणं, एक्स-रे, टाके, तिथल्या तिथे होणारे उपचारही मोफत. पण तिथून वॉर्डात भरती केलं, किंवा पुढची तारीख देऊन ओपीडीला बोलावलं, की भारतातून आलेल्या व्हिजिटरला बिल लागतं, आणि तेही एनएचएसच्या दराच्या १५० टक्के. भारत आणि ब्रिटनमध्ये यासाठी कुठला करार नाही. फॉर्मसोबत पुरवणी प्रश्न असू शकतात, जीपीबाहेरच्या उपचारांचे पैसे लागू शकतात हे मला समजलं आहे, अशा अर्थाचे. ते वाचून घाबरू नका, खरं ते भरा.

क्षयरोग, मलेरिया, एचआयव्ही अशा काही संसर्गजन्य आजारांचं निदान आणि उपचार सगळ्यांना मोफत असतात, हॉस्पिटलातसुद्धा.

औषधांचं: इंग्लंडमध्ये ६० वर्षांवरच्यांना एनएचएस प्रिस्क्रिप्शन मोफत आहे. साठीच्या आतल्यांना प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड.

ग्लासगोचा_पाऊस | बुधवार, सकाळी ८:१५

स्कॉटलंडमध्ये २०११ पासून प्रिस्क्रिप्शन सगळ्यांनाच मोफत आहे, वेल्समध्ये २००७ पासून. बाकी नियमही थोडे वेगळे आहेत, तेव्हा वरचं सगळं इंग्लंडपुरतं धरा.

नवी_विटी | बुधवार, सकाळी ९:३०

थोडं अवांतर, पण विचारते. मी तीन आठवड्यांपूर्वी नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून आले. गरोदरपणाचा दहावा आठवडा चालू आहे. इथल्या एका ओळखीच्या काकूंनी सांगितलं की सहा महिने राहिल्याशिवाय एनएचएस लागू होत नाही, तोवर बाळंतपणाच्या तपासण्यांचे पैसे भरावे लागतील. व्हिसासोबत एनएचएससाठी घेतात तो तीन वर्षांचा हेल्थ सरचार्ज आम्ही भरलाय, माझा एकटीचाच ३,१०५ पौंड. मग हे सहा महिने कसले?

स्टेथो | बुधवार, दुपारी १:१०

अभिनंदन! सहा महिन्यांची अट वगैरे काही नाही. सरचार्ज भरलाय, व्हिसा सुरू झालाय, तर पहिल्या दिवसापासून तुम्ही इथल्या रहिवाशासारख्याच. तपासण्या, सोनोग्राफी, बाळंतपण, सगळं त्यात आलं. सरचार्जवाल्यांना वगळलेली ठळक गोष्ट एकच, वंध्यत्वावरचे उपचार, तेही २०१७ पासून. दात, चष्मा आणि औषधांचे पैसे इतरांसारखेच, आणि गरोदरपणात व बाळ झाल्यावर वर्षभर प्रिस्क्रिप्शन आणि दातांचे उपचारही मोफत, त्यासाठी मिडवाइफकडून सर्टिफिकेट घ्या. आजच मिडवाइफकडे नाव नोंदवा, दहावा आठवडा म्हणजे अजिबात थांबायचं नाही.

आणि व्हिजिटर म्हणून आलेली कुणी गरोदर असेल तर तिनेही हे वाचावं. बिल येईल, पण पैशावाचून बाळंतपणाची सेवा नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही.

नवी_विटी | बुधवार, दुपारी १:२५

रडायलाच आलं वाचून. धन्यवाद डॉक्टर. नवऱ्याला फोन करते.

तिसरा_मजला | बुधवार, संध्याकाळी ६:४५

मत वेगळं आहे, राग मानू नका. मी १४ वर्षं इथे कर भरतोय. आमच्याकडे गुडघ्याच्या ऑपरेशनला माणसं वर्ष वर्ष थांबलीत. अशा वेळी पाच महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्यांनी जीपीची वेळ घ्यावी हे मला पटत नाही. माझे आईवडील येतात तेव्हा मी चांगला विमा काढतो आणि प्रायव्हेटला नेतो. ज्यांना परवडतं त्यांनी तरी तसं करावं.

वेम्बली_१९७४ | बुधवार, रात्री ९:२०

तिसरा मजला, तुमची कळकळ कळते. मीही ४० वर्षं कर भरला आणि आता खुब्याच्या ऑपरेशनसाठी यादीत आहे. तरी सांगतो.

एनएचएस ५ जुलै १९४८ ला सुरू झाली आणि पहिल्या वर्षातच हा वाद पार्लमेंटात गेला, परदेशी माणसाला फुकट का म्हणून. ॲन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री होते. १९४९ च्या कायद्यात पैसे घेण्याचा अधिकार लिहून ठेवला, पण तो प्रत्यक्ष वापरला १९८२ साली. माझी आई १९७९ मध्ये साताऱ्याहून आली होती, तिच्या पोटात दुखायला लागलं. ॲपेंडिक्स काढलं, आठ दिवस वॉर्डात होती, कुणी पासपोर्ट विचारला नाही. आता तो काळ नाही. पाहुण्याकडून दीडपट घेतातच की! मग निदान जीपीचं दार तरी उघडं राहू द्या. बीपीची गोळी वेळेवर मिळाली नाही तर तोच माणूस ॲम्ब्युलन्समधून येणार, आणि तेव्हा तुमची-माझी रांग जास्त लांबणार.

परवडतं त्यांनी प्रायव्हेटला जावं हे ठीकच. पण इथे नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणारी आपलीच मुलं-मुली आहेत, त्यांचेही आईवडील येतात.

गडहिंग्लजची | बुधवार, रात्री ११:५०

मी नर्स आहे, हेल्थ अँड केअर व्हिसावर. आम्हाला सरचार्ज माफ आहे, डिपेंडंटनाही. पण आईवडील व्हिजिटर म्हणून आले की तेही सगळ्यांसारखेच.

कृष्णाकाठ ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहायचं होतं, रात्रीबेरात्री काही झालं तर काय. ड्युटीवरून आल्यावर आधी हेच लिहायला बसले.

माझे मामेसासरे दोन वर्षांपूर्वी मुलाकडे आले होते. एका रात्री जेवताना मुलगा कुणाला तरी सांगत होता की इकडे एक दिवस ॲडमिट झालं तरी लाखाच्या घरात जातं. सहज बोलला. मामांनी ते ऐकलं. दोन दिवसांनी रात्री छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायला लागलं, तर उठून बसले, ओवा खाल्ला, पाणी प्यायले, कुणाला उठवलं नाही. दुसऱ्या रात्री परत तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून आले ते घामाने डबडबलेले, तेव्हा सुनेच्या लक्षात आलं. हार्ट अटॅक. स्टेंट घातला, जीव वाचला, पण दोन रात्रींत हृदयाचं जे नुकसान व्हायचं ते झालं. आज गडहिंग्लजमध्ये घराच्या पायऱ्या चढताना तीनदा थांबतात. वॉर्डात मी भेटायला गेले तर मला म्हणाले, "पोराचं घराचं कर्ज आहे गं."

बिल आलं. मुलाने हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टच्या ऑफिसात बसून हप्ते बांधून घेतले, फिटत आलंय.

म्हणून सांगते. तातडीचा उपचार पैशासाठी अडवता येत नाही, कुठल्याच व्हिसावर. आधी उपचार, मग बिल. आगाऊ पैसे मागतात ते थांबू शकणाऱ्या उपचारांसाठी, आणि काय थांबू शकतं हे डॉक्टर ठरवतात, बिलाचं ऑफिस नाही. आईला हे आज रात्री, शांतपणे, समोर बसवून सांगा. नुसतं "काळजी करू नकोस" म्हणू नका. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर मला उठवायचं आणि ९९९ ला (ॲम्ब्युलन्स) फोन, एवढं तिच्या तोंडून वदवून घ्या. फ्रिजवर मराठीत लिहून लावा.

अंजनवेल | गुरुवार, सकाळी ७:३०

गडहिंग्लजची, वाचून गप्प झाले. आमच्या घरातही जेवताना असंच बोललं जातं.

तिसरा_मजला | गुरुवार, सकाळी ८:४०

मी हा विचार केला नव्हता. माझे वडीलही असंच करतील, त्यांचा स्वभाव तोच आहे. त्यांच्याशी बोलतो.

बिल थकवलं तर व्हिसावर परिणाम होतो असं ऐकलंय, ते खरं का?

स्टेथो | गुरुवार, दुपारी १२:५५

खरं आहे. ५०० पौंड किंवा जास्त रक्कम दोन महिन्यांहून अधिक थकली तर हॉस्पिटल ते होम ऑफिसला कळवू शकतं आणि पुढचा व्हिसा त्यावर नाकारला जाऊ शकतो. म्हणून पत्र आलं की दडवू नका. हॉस्पिटलच्या ओव्हरसीज व्हिजिटर टीमला (परदेशी पेशंटची बिलं बघणारे) फोन करा, जमेल तो हप्ता सांगा.

हिमकण | गुरुवार, संध्याकाळी ७:१५

टोरांटोहून. आमच्याकडे सुपर व्हिसाला (आईवडिलांसाठीचा कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा) किमान १,००,००० डॉलरचा, वर्षभराचा विमा दाखवल्याशिवाय व्हिसाच मिळत नाही, शेंगेनला ३०,००० युरोचा लागतो. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा विम्यावाचून मिळतो, म्हणून लोक न काढताच येतात असं वाटतं. इथे सरकारी आरोग्य कार्ड सुपर व्हिसावाल्या आईवडिलांना मिळत नाही. पीआर होऊन ऑन्टॅरिओत येणाऱ्यांना मात्र पूर्वी तीन महिने थांबावं लागायचं, ती अट मार्च २०२० मध्ये काढली.

दोन_सूटकेस | गुरुवार, रात्री १०:३०

माझी सासू ॲडल्ट डिपेंडंट रिलेटिव्ह व्हिसावर आली. २०१२ पासून हा व्हिसा मिळणं फार अवघड झालंय. रोजची अंघोळ-जेवणसुद्धा दुसऱ्याच्या मदतीवाचून होत नाही आणि ती मदत भारतात पैसे देऊनही मिळू शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. आमची तीन वर्षं गेली. पण मिळाला की थेट कायमचं वास्तव्य, सरचार्ज नाही, आणि इथेच राहायला आल्यामुळे एनएचएस पहिल्या दिवसापासून.

पाच वर्षं सरकारी मदत न घेता सांभाळू, अशी हमी आपण दिलेली असते. त्यामुळे आम्ही महिनाभर तिला जीपीकडे न्यायलाच घाबरत होतो. एनएचएसचे उपचार त्या "पब्लिक फंड्स"मध्ये मोजत नाहीत, हे वकिलाने सांगितलं तेव्हा कळलं. कुणी त्याच भीतीने थांबलं असेल तर थांबू नका. हॉस्पिटलने पुरावा मागितला तर ईव्हिसाचं स्टेटस दाखवायचं, आमचं तेवढ्यावर झालं.

कृष्णाकाठ | पुढचा मंगळवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. नोंदणी झाली! ऑनलाइन फॉर्म भरला, दोन दिवसांत फोन आला की नवीन पेशंटची तपासणी आहे, या.

नर्स फार मायाळू होती. आईने तिच्या गोळ्यांची चंचीच टेबलावर पालथी केली. टेल्मा, इकोस्प्रिन, ग्लायकोमेट जीपी. नर्सला एकही नाव ओळखू येईना. मग पाकिटांच्या मागचं बारीक अक्षर मोबाइलने मोठं करून वाचलं तेव्हा टेल्मिसार्टन, ॲस्पिरिन वगैरे कळलं. ग्लायकोमेट जीपी ही दोन औषधांची मिळून एक गोळी, तशी इथे नाही, दोन वेगळ्या देणार आहेत.

आणि एक सांगते, कारण आमच्या घरी त्यावरून अर्धा दिवस रडारड झाली. रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर आला, एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ६५. सांगलीच्या रिपोर्टमध्ये ८.१ होतं. आईला वाटलं शुगर आठपट झाली, तिने जेवणच सोडलं. इथलं माप वेगळं असतं. ६५ म्हणजे तेच ८.१ टक्के. रोजच्या शुगरचंही तसंच, इथल्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. इथे १० म्हणाले तर आपले १८०.

त्या रात्री आईला समोर बसवून बोलले. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "तुझे बाबा होते तेव्हा मी त्यांना उठवत होते. तुला नोकरीवर जायचं असतं." मग कबूल केलं. फ्रिजवर कागद लावलाय, तिच्याच अक्षरात.

गडहिंग्लजची | पुढचा मंगळवार, रात्री ११:३०

तिच्या अक्षरात लिहून घेतलंत ते फार चांगलं केलंत.

कृष्णाकाठ | तीन आठवड्यांनंतर, रविवार

कागदाचा उपयोग झाला, पण वेगळ्याच कारणाने. गुरुवारी पहाटे आई बाथरूममध्ये घसरली. हातावर पडली. आणि तिने मला हाक मारली! लगेच.

ए अँड ईमध्ये पाच तास बसलो. एक्स-रे, मनगटाजवळचं हाड मोडलंय, सुन्न करून हाड बसवलं, अर्धं प्लास्टर घालून वरून पट्टी गुंडाळली. एक पैसा मागितला नाही. निघताना फ्रॅक्चर क्लिनिकची तारीख मिळाली, आणि शुक्रवारी फोन आला की ते ओपीडीत येतं, आई व्हिजिटर आहे म्हणून बिल लागेल. तीच इमारत, तोच हात. स्टेथो, तुमचं वाचलेलं नसतं तर मी त्या फोनवर भांडले असते. आगाऊ पैसे नाही मागितले, डॉक्टरांनी तातडीचं म्हणून लिहिलंय. अपघात असल्यामुळे विमा लागू होतो, पण कंपनीने विचारलं की आधी का नाही कळवलं. तेव्हा पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला त्याच दिवशी फोन करा, क्लिनिकला जायच्या आधी. आम्ही एका दिवसाने वाचलो.

दुभाष्याचंही सांगते. मी ऑफिसात असताना हॉस्पिटलला आईची फोनवर माहिती घ्यायची होती, तर त्यांनी मराठी दुभाष्या जोडून दिला, मोफत. आई एकटी दहा मिनिटं बोलली. कुठे दुखतं ते मला सांगितलं त्यापेक्षा जास्त सांगितलं तिने.

पहिलीच_खेप | तीन आठवड्यांनंतर, सोमवार

धागा पूर्ण वाचला. माझे वडील या रविवारी पहिल्यांदा येताहेत, वय ७१, दोन स्टेंट आहेत. आत्ता या क्षणी काय करू?

कृष्णाकाठ | तीन आठवड्यांनंतर, सोमवार

विमा अजून काढला नसेल तर ते भारतात आहेत तोवरच काढा, आणि स्टेंटबद्दल खरं लिहा. हृदयाच्या आधीच्या आजाराला तातडीच्या वेळी किती रक्कम मिळते ते एजंटकडून लेखी घ्या, तोंडी नको. त्यांच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र आणा, औषधांची मूळ नावं, डोस, स्टेंट कधी बसवले ते. डिस्चार्ज कार्ड हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा, सूटकेसमध्ये नको. दात आणि चष्म्याचं काही असेल तर तिकडेच करून घ्या.

आणि गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो आजच मागवा, पुढून आणि मागून. आमच्या आईची निम्मी पाकिटं केमिस्टने कात्रीने कापून दिलेली होती. गोळ्या शाबूत, पण नाव कापलं गेलेलं. त्यातली एक कसली होती ते आम्हाला सांगलीच्या दुकानात फोन करून विचारावं लागलं.